पोथीतली स्वाक्षरी

सांगलीजवळच्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणाऱ्या ताई ४८ वर्षांच्या, पतसंस्थेत नोकरी करतात. घरात नवरा, ७९ वर्षांचे सासरे आणि पुण्यात शिकणारी १९ वर्षांची मुलगी. मुलगी कॉलेजच्या एकांकिकांमध्ये काम करते. गेल्या गणपतीत घरी आली, पण आरतीला उभी राहिली नाही. दारात फोन घेऊन टेकून राहिली. ताईंनी विचारलं तर म्हणाली, "तुझ्या डॉक्टर लागूंनीच सांगितलंय ना, देवाला रिटायर करा म्हणून?"

ताई डॉ. श्रीराम लागूंच्या भक्त, हा त्यांचाच शब्द. 'नटसम्राट'मधली स्वगतं त्यांना पाठ आहेत. कॉलेजात असताना एका प्रयोगानंतर रंगपटात जाऊन त्यांनी डॉक्टरांची सही घेतली होती. तो वहीचा कागद आजही ज्ञानेश्वरीत, नवव्या अध्यायात खूण म्हणून आहे. डॉक्टर नास्तिक होते हे त्यांना माहीतच नव्हतं. मुलीच्या बोलण्यानंतर त्यांनी शोधून वाचलं आणि "फसवल्यासारखं झालं". सासरे म्हणतात, नटाने नटाचं काम करावं, त्याची मतं घरात आणून पोरगी बिघडवलीत, आधी तो कागद पोथीतून काढा. गणपती पुन्हा तोंडावर आलेत. इतकी वर्षं चुकीच्या माणसाला मानलं का? मुलीला आरतीला उभं राहायला लावू का? आणि त्या कागदाचं काय करू?

*

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर पहिल्यांदा मला हसू आलं, रागावू नका. देवाला निवृत्त करा म्हणणाऱ्या माणसाची सही तुमच्या घरात ज्ञानेश्वरीच्या पोटात पंचवीसएक वर्षं मुक्कामाला आहे, आणि इतक्या वर्षांत ना पोथीचं काही बिघडलं ना सहीचं. भांडण लागलं ते आपल्या माणसांना कळल्यावर.

आधी 'फसवल्यासारखं' या शब्दाबद्दल. फसवणुकीला लपवाछपवी लागते. डॉक्टरांनी हे कधी लपवलं? देवाला रिटायर करा म्हणणारा लेख त्यांनी लिहिला, जाहीर सभांतून बोलले, गावोगाव फिरून बोलले. लोकांनी शिव्याही घातल्या. तुमच्यापर्यंत ते पोहोचलं नाही, कारण तुमच्यापर्यंत आप्पासाहेब बेलवलकर पोहोचले होते आणि त्यांनी सगळी जागा व्यापली. तो म्हातारा रंगमंचावर विधात्याला हाक मारतो, त्याला जाब विचारतो, आणि आपल्याला वाटतं की एवढ्या आर्ततेने हाक मारणाऱ्याला पलीकडे कोणीतरी आहे असं वाटतच असणार. तुम्ही त्या माणसाला तुमचा देव देऊन टाकलात, ताई. त्याने मागितला नव्हता.

निळूभाऊ फुल्यांच्या बाबतीत हेच उलटं झालं. पडद्यावरचा सरपंच बघून बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. खरा माणूस राष्ट्र सेवा दलात वाढलेला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, शेवटपर्यंत चळवळींना पदरचं देणारा. एकाला आपण फुकट पापी केलं, दुसऱ्याला फुकट भाविक.

डॉक्टरांच्या आत्मचरित्राचं नाव 'लमाण' आहे. तुम्ही वाचलेलं दिसत नाही, वाचा. नट म्हणजे लमाण, एकीकडचा माल दुसरीकडे पोहोचवणारा, असं ते म्हणत. माल नाटककाराचा. विधात्याला हाक शिरवाडकरांनी लिहिली, डॉक्टरांनी ती पाठीवर घेतली आणि वाटेत काही न सांडता तुमच्यापर्यंत आणली. स्वतःच्या मताची भेसळ त्यात केली नाही. खरं सांगायचं तर मला यात त्यांचा मोठेपणा त्यांच्या नास्तिकपणापेक्षा जास्त दिसतो. जे स्वतःला पटत नाही ते इतक्या खरेपणाने दुसऱ्याच्या वतीने बोलायचं, म्हणजे आधी त्या दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं. तुमच्या घरात सध्या नेमकं तेच कोणी करत नाहीये, पण त्यावर नंतर येते.

आता माणसाकडे जरा बघू या, कारण मत हवेतून येत नाही. जन्म १९२७ चा, साताऱ्याचा. पुण्यात वैद्यकीचं शिक्षण, नाक-कान-घशाचे सर्जन. पुण्यात प्रॅक्टिस, पुढचं शिक्षण कॅनडा आणि इंग्लंडमध्ये, मग आफ्रिकेत टांझानियाला टाबोरा नावाच्या गावी नोकरी. नाटक हौशी, पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेत भालबा केळकरांबरोबर. १९६९ मध्ये चाळिशी ओलांडलेला हा माणूस चालतं दुकान बंद करून पूर्णवेळ नट झाला, आणि डिसेंबर १९७० मध्ये गोवा हिंदू असोसिएशनच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. चाळिशीनंतर डॉक्टरकी सोडणाऱ्याला तेव्हाच्या मध्यमवर्गाने काय काय ऐकवलं असेल याची कल्पना तुम्ही पतसंस्थेत बसून करू शकता. चारचौघे करतात म्हणून एखादी गोष्ट करायची, हा स्वभावच नव्हता. देवाच्या बाबतीतच तो अचानक कुठून येणार?

त्याच १९७० मध्ये त्यांनी तेंडुलकरांचं 'गिधाडे' बसवलं. त्यात एका प्रवेशात गर्भपात झालेल्या बाईच्या लुगड्यावर रक्ताचा डाग दिसतो. सेन्सॉरने लाल डागाला हरकत घेतली. मग डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जायचं की सेन्सॉरच्या आज्ञेवरून डाग निळा केलाय, आपण तो लाल समजावा. मला ही गोष्ट फार आवडते. आरडाओरडा नाही, कायदा मोडला नाही, आणि मान तर मुळीच तुकवली नाही. पुढे 'सामना'त "मारुती कांबळेचं काय झालं?" असं विचारत फिरणारा मास्तर त्यांनी केला, तेव्हा ती नुसती भूमिका राहिली नाही ती यामुळे. प्रश्न विचारायचा आणि सोडायचा नाही, हे त्यांचं राजकारण. पक्षाच्या व्यासपीठावर हार घालून घेणारे ते नव्हते. ऊठबस समाजवाद्यांत, चळवळीतल्या माणसांत. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी निदान चूल पेटावी म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यासाठी डॉक्टर, निळूभाऊ, तनुजा अशी मंडळी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत हिंडली. 'नटसम्राट'वाला माणूस फार्स करतोय, कशासाठी, तर कुठल्या तरी आडगावच्या कार्यकर्त्याला महिन्याला चार पैसे मिळावेत म्हणून. सासऱ्यांना हे जरूर सांगा. नास्तिक म्हटला की आपल्याकडे तो आपमतलबी असणार असं गृहीत धरतात.

आणि हेही सांगा. १९९४ मध्ये डॉक्टरांचा मुलगा तन्वीर गेला. धावत्या गाडीवर कोणीतरी भिरकावलेला दगड लागला. ना आजार, ना वैर. अशा वेळी माणूस देवाकडे वळला तर त्याला कोणी नावं ठेवत नाही, आणि ठेवूही नयेत. डॉक्टर वळले नाहीत. २००४ पासून मुलाच्या नावाने रंगभूमीवरच्या माणसांचा सन्मान सुरू केला. तुम्ही त्यांच्या जागी असतात तर पोथी उघडली असतीत, आणि मी त्यात तुमच्या बाजूने असते. पण ज्याने इतकी किंमत मोजूनही स्वतःचं मत बदललं नाही, त्याचं मत म्हणजे नुसती थेरं नव्हेत एवढं तरी मान्य करावं लागेल.

आता तुमची मुलगी. तिने लेख वाचलाय का? पूर्ण? मला शंका आहे. तीन शब्दांचं शीर्षक ढालीसारखं पुढे धरलंय असं तुमच्या पत्रावरून वाटतं, आणि तेही मुद्दाम 'तुझ्या डॉक्टर लागूंनी' असं म्हणून. घाव बरोबर जागी बसावा म्हणून तुमचंच हत्यार उचललं. एकोणिसाव्या वर्षी हे सगळेच करतात. मी याच वयात वडिलांशी सावरकरांचं विज्ञाननिष्ठेवरचं लिखाण घेऊन भांडले होते, त्यांच्याच कपाटातलं. पण तिला एक गोष्ट कोणीतरी सांगायला हवी, आणि ती तुम्हीच सांगा: डॉक्टर लागू म्हणाले म्हणून देव नाही, आणि अमुक महाराज म्हणाले म्हणून देव आहे, हे दोन्ही एकाच माळेचे मणी. डॉक्टरांना यातलं दुसरं जितकं खटकलं असतं तितकंच पहिलंही. तिला विचारा, "लागूंचं राहू दे, तुला काय वाटतं?" आणि विचारून गप्प बसा. तिचं उत्तर अर्धवट असेल, मध्येच रडेल कदाचित. पुण्यात एकटं राहताना काहीतरी झालं असेल, एखादी मैत्रीण, एखादी प्रार्थना जी फळली नाही, किंवा काहीच नाही, नुसतं वाचून पटलं असेल. तुम्हाला यातलं काही माहीत नाही, आणि पत्रात तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही की तुम्ही तिला विचारलंत. तुम्ही लागूंबद्दल शोधून वाचलंत. मुलीला विचारायचं राहिलं.

एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. डॉ. लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर हे दोघं मिळून महाराष्ट्रभर विवेकजागराचा वादसंवाद करत. लोकांसमोर बसायचं आणि बोलायचं. लागूंचं म्हणणं स्पष्ट: देव नाही, ही कल्पना कालबाह्य झाली, तिला निवृत्त करा. दाभोलकरांचं म्हणणं वेगळं: आमच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. म्हणजे व्यासपीठ एक, मैत्री घट्ट, काम एक, आणि मुळातल्या प्रश्नावर जाहीर मतभेद. दोघांपैकी कोणी दुसऱ्याला 'आधी माझ्यासारखा हो' म्हटलं नाही. २०१३ मध्ये पुण्याच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यामुळे हा संवाद किती महागडा होता हे आपल्याला फार उशिरा कळलं. तुमच्या माजघरात तुम्ही दाभोलकरांच्याही थोड्या अलीकडे उभ्या आहात, मुलगी लागूंच्या बाजूला. एवढ्या अंतरावरून बोलता येतं, ही तर सिद्ध झालेली गोष्ट आहे.

आरतीला मात्र जबरदस्तीने उभं करू नका. ओढून आणलेलं माणूस टाळ्या वाजवतं, ओठ हलवतं आणि मनातून घराबाहेर पडतं. ते नुकसान आरती बुडण्यापेक्षा मोठं. पण न मानणं वेगळं आणि दारात फोन घेऊन उभं राहणं वेगळं, ही रेघ तिला स्पष्ट दाखवा. आरतीच्या वेळी एक तर दुसऱ्या खोलीत, नाहीतर फोन खिशात. आजोबांच्या तोंडावर भाषण नाही. आणि गणपती म्हणजे काय फक्त आरती? मोदकांना दोन नारळ खवायचेत, पाहुण्यांचा चहा आहे, आरास आहे, विसर्जनाच्या दिवशी आजोबांना हाताला धरून विहिरीपर्यंत न्यायचंय. यातलं देव असण्यानसण्याशी काहीही अडत नाही. ती नाटकवाली आहे, तिला आरास सोपवून बघा. (नास्तिकाने केलेली आरास जास्त चांगली होते असा माझा जुना अनुभव आहे, त्यांना उरकायची घाई नसते.) कामातही हात आखडता घेतला, तर मग प्रश्न देवाचा नाही, आळसाचा आहे, आणि त्यावर बोलायला तुम्हाला माझ्या सदराची गरज नाही.

सासऱ्यांकडे येते. 'नटाने नटाचं काम करावं' हे अर्धं बरोबर आहे, असं मी म्हणाले तर चळवळीतले माझे मित्र चिडतील. पण आहे. नटाचं तोंड ओळखीचं असतं म्हणून त्याच्या मताला हक्कापेक्षा जास्त कान मिळतात. पडद्यावर शौर्य गाजवणारा माणूस परराष्ट्र धोरणावर बोलतो आणि आपण मान डोलावतो, हे काही शहाणपणाचं लक्षण नाही. दुसरं अर्धं मात्र टिकत नाही. मराठी रंगभूमीने नुसतं नटपण कधी केलं? खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर इंग्रजांनी १९१० मध्ये बंदी आणली, ती काय महाभारताची गोष्ट आवडली नाही म्हणून? नागरिकाला बोलायचा हक्क आहे आणि नटाला नाही, असं कुठे लिहिलंय?

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही बोलते, कारण अशी पत्रं हल्ली बरीच येतात. कोणाचा आवडता नट एका पक्षाच्या प्रचाराला जातो, कोणाचा दुसऱ्या, आणि घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामा-भाचे अबोला धरतात. मी स्वतः दोन-तीन गोष्टी बघते. हे मत मांडून या माणसाचं काही गेलं, की काही मिळालं? मिळण्यात वाईट नाही, पण मग जाहिरात म्हणून ऐकावं. निवडणुकीच्या आगेमागेच बोलला, की वीस वर्षं तेच बोलतोय? डॉक्टर १९९९ मध्ये ग. प्र. प्रधानांबरोबर अण्णा हजारेंच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनासाठी उपोषणाला बसले, तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती आणि कुठल्या तिकिटाची वाट बघत नव्हते. आणि तिसरं, उलट प्रश्न विचारला तर उत्तर देतो की चिडतो? एवढं बघूनही नाही पटलं, तर मत सोडून द्यावं आणि नाटक बघावं. नाटक बघतानाही ते मत मध्ये येत असेल तर नाटकही सोडावं, कोणी सक्ती केलेली नाही. पण ते स्वतःला पारखून सोडावं. घरातल्या थोरांनी ओरडलं म्हणून नको.

सासऱ्यांचा दुसरा आरोप, पोरगी बिघडवली. ताई, डॉक्टरांनी सत्तरी पार केल्यावर 'सूर्य पाहिलेला माणूस' या नाटकात सॉक्रेटिस केला होता. मी तो प्रयोग पाहिलाय, मागून तिसऱ्या रांगेतून, खोकणाऱ्या एका गृहस्थाशेजारी बसून. चेहरा नीट दिसत नव्हता, आवाज मात्र कानाशी बोलल्यासारखा येत होता. अथेन्सच्या लोकांनी सॉक्रेटिसवर खटला भरला तो कोणत्या आरोपांवर, माहितीये? नगराचे देव मानत नाही आणि तरुण मुलांना बिघडवतो. तुमच्या सासऱ्यांचं वाक्य अडीच हजार वर्षं जुनं आहे, त्यांना सांगितलंत तर कदाचित खूशही होतील. आणि याच गोष्टीचं शेपूट मुलीला सांगा. विष प्यायल्यावर सॉक्रेटिसचे शेवटचे शब्द असे सांगतात की मित्रा, अ‍ॅस्क्लेपियस देवाला एक कोंबडा देणं लागतो, तेवढा विसरू नका. कोंबडा! आपल्याकडच्या नवसासारखा. तो चेष्टेत म्हणाला, मनापासून म्हणाला, की अजून काही सुचवत होता, यावर विद्वान अजून भांडतायत. तिला सांगा, यावर एकांकिका कर.

एक राहिलंच. तुमच्या एवढ्या लांब पत्रात नवऱ्याचा उल्लेख एकदाच येतो, "हे पेपर वाचत होते" एवढाच. सासऱ्यांशी बोलायचं काम त्यांचं आहे, वडील त्यांचे आहेत. मुलगी आणि सासरे यांच्यामधला उंबरा तुम्ही एकट्यांनी का व्हायचं? हे पान त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवून द्या.

आणि कागद. काढायचा तर सासऱ्यांच्या सांगण्यावरून काढू नका, आणि ठेवायचा तर मुलीला दाखवायला म्हणून ठेवू नका. मला विचाराल तर नववा अध्याय त्याला बरा मानवलाय. फक्त वहीचा कागद आहे म्हणता, पंचवीस वर्षांची शाई आहे, आणि तुमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. दोन्ही बाजूंनी बटर पेपर घालून ठेवा, प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, आत दमट होऊन सही पसरेल. पोथीच्या पानालाही डाग पडेल.